भरमाचा भ

संकेश्वराच्या अलीकडं, गडहिंग्लजचा फाटा हायवेला मिळतो तिथं
भरमानं टायरचं दुकान काढलं.
मला म्हणाला, पेंटर, लांबनं दिसायला पाहिजे बघ.
जाड काढ. म्हशीगत जाड.

जाड म्हणजे किती, हे गिऱ्हाईक कधी सांगत नाही.

सहा बाय तीनचा पत्रा.
लाल ऑक्साईडचा एक हात दिला
आणि वाळेस्तोवर त्याच्याच बाकड्यावर बसून
जाणारे ट्रक मोजले.
ऐंशीनं येणाऱ्या माणसाला पाटीसाठी
तीन सेकंद मिळतात,
त्यातला एक आरशात बघण्यात जातो.
माझ्या वडलांची अक्षरं वेगळी होती,
पोटात निळा, कडेला पिवळा, खाली सावली.
ती चालत जाणाऱ्यांसाठी होती.
थांबून, पान थुंकून, परत बघणाऱ्यांसाठी.

वरची मोठी जागा कन्नडला.
तसा नियम आहे,
आणि नियमाबरोबर टेप घेऊन येणारा माणूसही.
कन्नड हाताला सोपं जातं,
भाकरी थापत जावी तसं, एकेक गोल, सुटा.
मराठी दोरीवर वाळत घातलेली असते.
दोरी फार जाड केली
तर कपड्यांना जागा राहत नाही.

मी केली जाड.
तो म्हणाला म्हणून.

चौथ्या दिवशी भरमा दारात.
निपाणीकडचा ड्रायव्हर विचारून गेला म्हणे,
हे मरमा कोण?
"जिवंतपणी मारलास की मला, पेंटर."

गेलो. दोनशे पावलं चाललो, वळून पाहिलं.
खरंच मरमा.
भ ला डोक्यावरची रेघ पुरती नसते,
डावीकडं जराशी तुटलेली असते.
म ची सलग.
एवढाच काय तो दोघांत फरक, आणि एक गाठ.
माझ्या पांढऱ्या रंगानं ती फट
गिळून टाकली होती.
अक्षराला पोटभर खायला घालू नये.
थोडं उपाशी ठेवलं तरच ते लांबनं बोलतं.
हे वडील सांगायचे, मी रंग ढवळत असायचो.

रॉकेलचं फडकं घेतलं, भ पुसला.
नवा काढला, थोडा बारीक,
रेघेत दोन बोटं जागा सोडून.
दोन बोटं जवळनं फार वाटतात.
भरमा म्हणाला, मोडलंय काय हे?
म्हटलं, असूंदे.

आता वाचून बघणार कोण?
भरमा उपयोगाचा नाही,
स्वतःचं नाव माणूस कुठूनही वाचतो.
मीही नाही.
मल्लव्वाला बोलावलं, त्याची बायको,
हुक्केरीकडची, शाळा सगळी कन्नडातनं,
मराठी पोरीच्या पुस्तकातनं शिकलेली,
अक्षराला अक्षर लावत वाचणारी.
असाच वाचणारा खरा.
बाकीचे अंदाजानं वाचतात.

ती कालव्याच्या कठड्यापाशी उभी राहिली.
मधनं उसाची ट्रॉली गेली, मग दुसरी.
मी ओरडलो, वाच!

तिनं हात डोळ्यांवर धरला.
"पंक्चर," ती म्हणाली. "ट्यूब-लेस. हवा."

त्याच्या आधी?

गप्प.

आधीचं दिसत नाय काय?

"दिसायलंय की."

मग वाच की!

भरमा टायरीच्या ढिगामागं
काहीतरी शोधायला लागला, उगाच.
माझ्या तेव्हा लक्षात आलं.
बत्तीस वर्षं ब्रश धरलाय मी,
पण कुणाच्या नवऱ्याचं नाव
त्याच्याच बायकोकडनं
भर रस्त्यात वाचून घ्यायची वेळ
कधी आली नव्हती.

डबा बंद केला. ब्रश फडक्यात गुंडाळला.
एक बेंगळूरचा ट्रक हॉर्न देत गेला.
त्याची धूळ बसली
तेव्हा पलीकडनं तिचा आवाज आला,
बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा:

"भ."